जननेंद्रिय तपासणीचे मॅनिकिन: बाईचं घ्या, पुरुषाचं आहे तसं नको

बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडच्या नर्सिंग कॉलेजांच्या स्किल लॅबसाठी सिलिकॉनच्या मॉडेलांचा एक जोडसंच विकायला येतो. त्यात बाईचं पेल्विक मॅनिकिन असतं, त्यासोबत बदलता येणारी गर्भाशयमुखं आणि गर्भपिशव्या, आणि शिवाय पुरुष जननेंद्रियाचं एक मॉडेल. जोडीने घेतलं की सूट देतात. या सुटीला भुलू नका, कारण दोन मॉडेलांच्या दर्जात फार अंतर आहे.

बाईच्या मॉडेलची खरी किंमत गर्भाशयमुखांत आहे. बाळंतपण न झालेल्या बाईचं गोल ठिपक्यासारखं तोंड, बाळंतपण झालेल्या बाईची आडवी चीर, पॉलिप (मांसाचा लोंबता कोंब), पांढरा डाग उमटलेलं मुख, असे वेगवेगळे तुकडे बसतात आणि टॉर्चच्या उजेडात स्वच्छ दिसतात. योनीमार्गाचा कोनही बरोबर आहे. कुस्को स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून पाहायचं दोन पात्यांचं उपकरण, मिटलेला ठेवून, पाती तिरपी धरून, माकडहाडाच्या दिशेने खाली नेला तरच मुख सापडतं. सरळ आत ढकलला तर समोर नुसती भिंत येते. विद्यार्थिनीला हे शब्दांनी सांगून कळत नाही, इथे पहिल्या खेपेलाच कळतं.

एक गोष्ट मात्र मॉडेल उलटी शिकवतं. स्पेक्युलम वर रेटला तर जिवंत बाईच्या मूत्रमार्गावर दाब येतो आणि ती कळवळते. सिलिकॉन कळवळत नाही. म्हणून वरच्या भिंतीला पातं टेकलं की शिक्षिकेने तिथेच थांबवायला हवं. काढतानाही तसंच: स्क्रू सैल करायचा, पाती मुखावरून सरकेपर्यंत किंचित उघडी ठेवायची आणि मगच मिटू द्यायची. मुख पात्यांच्या मध्ये असताना मिटवलं तर चिमटा बसतो, आणि ती बाई पुन्हा तपासणीला येत नाही.

व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून कर्करोगाच्या आधीचा पांढरा डाग डोळ्यांनी पाहायची तपासणी, शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची ही तपासणी दर ५ वर्षांनी करायची असते, म्हणजे खानापूरच्या आरोग्य केंद्रात उद्या हेच हात लागणार. ५ टक्के द्रावण म्हणजे ९५ मिली डिस्टिल्ड पाण्यात ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड; तेच ॲसिड पातळ न करता लागलं तर भाजतं. द्रावणात भिजवलेला बोळा मुखाला लावून पूर्ण १ मिनिट थांबायचं असतं. मॉडेलवर डाग आधीच रंगवलेला असल्यामुळे मुली थांबतच नाहीत. उपाय सोपा आहे: आधी निरोगी मुख बसवा, घड्याळ लावून मिनिट मोजायला लावा, मग तुकडा बदला.

दोन हातांच्या तपासणीसाठी पुढे झुकलेली आणि मागे कललेली, अशा दोन्ही गर्भपिशव्या दिल्या आहेत. पिशवी हाताला नीट लागते, पण पोटाचा फोम टणक असल्यामुळे बाहेरचा हात गरजेपेक्षा जोरात दाबायची सवय लागते. योनीमुखाच्या कडेच्या बार्थोलिन ग्रंथी, घड्याळातल्या ४ आणि ८ च्या जागी, बोटाला लागत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. ती चुकीची आहे. निरोगी ग्रंथी लागतच नाहीत. लागली तर सूज समजावी.

संचातला 'कौमार्यपडद्या'चा सुटा तुकडा घेऊच नका. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी बलात्कारपीडितेची दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून लैंगिक पूर्वेतिहास ठरवणं) बाद केली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं. पडद्यावरून लैंगिक पूर्वेतिहास ठरत नाही. जे शिकवायचंच नाही, त्याचा भाग लॅबमध्ये कशाला?

आता पुरुषाचं मॉडेल. ते सुंता झालेलं आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांची सुंता झालेली नसते. त्वचा मागे घेणं, शिश्नमुंड आणि लघवीचं छिद्र पाहणं आणि शेवटी त्वचा परत पुढे आणणं, ही साखळीच शिकवता येत नाही. कॅथेटर घातल्यावर त्वचा पुढे आणायची राहिली तर ती मागेच आवळून बसते, पुढचा भाग सुजतो, आणि साध्या विसराळूपणातून तातडीचं काम उभं राहतं. नर्सला सगळ्यांत जास्त लागणारी पायरी हीच आहे.

अंडकोषाची कातडी इतकी जाड आहे की वृषणामागची एपिडिडिमिस (शुक्राणू साठवणारी वेटोळी नळी) वेगळी चाचपता येत नाही. हायड्रोसीलचा, म्हणजे वृषणाभोवती पाणी साठल्याचा, गोळा भरीव सिलिकॉनचा आहे, टॉर्च लावला तरी उजेड पार होत नाही. म्हणजे पाणी भरलेली सूज ओळखायची मुख्य खूणच गायब! सुजेच्या वर बोटं नेता येतात का, हे पाहून हर्निया ओळखायचा असतो; तीही सोय नाही. मॉडेल आडवंच राहतं, आणि व्हेरिकोसील (वृषणाच्या वरच्या फुगलेल्या शिरा) तर रुग्णाला उभं करून, कुंथायला लावून तपासायचं असतं. जांघेत लसिकाग्रंथी दिलेल्या नाहीत, त्यामुळे शिश्नाचा व अंडकोषाच्या कातडीचा निचरा जांघेत होतो आणि वृषणाचा पोटातल्या महाधमनीजवळ, हे फळ्यावरच समजवावं लागतं. वाचलेल्या पैशांत प्राडर ऑर्किडोमीटर घ्या. १ ते २५ मिलीच्या मण्यांची ती माळ वृषणाच्या आकाराचा अंदाज हाताला शिकवते: ४ मिलीला वयात येण्याची सुरुवात, प्रौढाचं साधारण १५ ते २५. वृषणात अचानक जोराची कळ आली तर वृषणाला पीळ पडला समजून ६ तासांच्या आत शस्त्रक्रियेपर्यंत पोचवायचं, हे त्यासोबतच सांगा.

मॉडेल कुठलंही घ्या, खोलीचा दरवाजा लावणं, परवानगी विचारणं, सोबत बाई उभी करणं, लघवी करून यायला सांगणं, चादर टाकणं, हे सगळं त्याच्यावरही करून घ्या. 'मावशी, पाय जरा सैल सोडा, दुखलं तर सांगा, लगेच थांबते' हे वाक्य मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्याने म्हणायला लावा. मुकाट्याने सराव केलेली मुलगी वॉर्डातही मुकीच राहते.

देखभालीचं: पाण्यावर आधारलेली जेलीच वापरा, सिलिकॉन तेलाने कातडी फुगते. बॉलपेनचे आणि वर्तमानपत्राच्या शाईचे डाग निघत नाहीत. आपल्या पावसाळ्यात ओलं मॉडेल पेटीत गेलं की बुरशी धरते. धुवा, तुकडे सुटे करून पंख्याखाली वाळवा, टाल्कम लावा, मगच झाका. सगळ्यांत आधी योनीमुखाची कड फाटते. म्हणून कोटेशन मागताना त्या सुट्या भागाची किंमत आणि तो किती दिवसांत मिळेल हे लेखी घ्या. ते द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून काही घेऊ नका.