बुडालेल्या जहाजांची नोंद: सोनार की फोटोग्रामेट्री?

वाशीच्या खाडीपुलावरून खाली पाहिलं की गढूळ पाणीच दिसतं. अशा पाण्यात कॅमेरा फार काही करू शकत नाही, म्हणून आपल्या किनाऱ्यापुरता माझा कौल सोनारला, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ मोजणाऱ्या यंत्राला.

फोटोग्रामेट्रीत एकमेकांवर चढणारे असंख्य फोटो काढून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती बनवतात. टायटॅनिकची अशी प्रतिकृती २०२२ मध्ये सुमारे ३,८०० मीटर खोलीवर घेतलेल्या ७ लाखांहून अधिक फोटोंतून तयार झाली. गंज, रंग, लाकडाचा पोत, सगळं त्यात टिपलं जातं. जहाजाचं जतन करणाऱ्याला हेच तपशील हवे असतात. पण पाणी स्वच्छ हवं आणि उजेडही.

मल्टिबीम सोनार आवाजावर चालतं. नावेखालून ध्वनिलहरींचा पंखा सोडायचा, परतीचा वेळ मोजायचा आणि तळाचा नकाशा काढायचा. गाळाने पाणी कितीही गढूळ असो, चालतं. दरवर्षी त्याच जागेचा नकाशा काढला, तर सांगाड्याभोवतीचा गाळ किती वाहून गेला हे लगेच कळतं. लाकूड उघडं पडलं की त्याला किडे लागतात, त्यामुळे ही नोंद लाखमोलाची. रंग मात्र दिसत नाही, बारकावेही निसटतात.

१७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडालेली, ६०० हून अधिक जीव घेणारी 'रामदास' बोट आजही कोकणात घरोघरी आठवली जाते. या किनाऱ्यावरच्या अशा बोटींसाठी आधी सोनार फिरवावं. फोटो नंतर, पाणी निवळेल तेव्हा, तेही नेमक्या भागांचे.