मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ सोडून २०२४ घेतलं, त्याला आठ महिने झाले

अपग्रेड हौसेने केलेलं नाही. २०१६ हाताला बसलं होतं, कुठलं बटण कुठे आहे ते बोटांना पाठ होतं, आणि चालतंय ते चालू द्यावं असा माझा स्वभाव. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला २०१६ आणि २०१९ या दोन्हींचे सुरक्षा अपडेट बंद होणार होते. आमच्याकडे संगणकांचं बघणाऱ्याने स्पष्टच सांगितलं, "त्यानंतर काही झालं तर मला फोन करू नका." म्हणून आदल्या आठवड्यात २०२४ टाकून घेतलं. दर महिन्याची वर्गणी नको होती, त्यामुळे एकदाच पैसे भरायचे ते लायसन्स. त्याचा अर्थ पुढचं व्हर्जन आलं की पुन्हा नव्याने खरेदी, हे माहीत असूनच घेतलं.

माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. बारा शाखांकडून महिनाअखेरीला मालाच्या आवक-जावकीची एकेक शीट येते. ती जुळवायची, चुका शोधायच्या, एक एकत्रित तक्ता वर पाठवायचा. त्यामुळे हा अनुभव मुख्यतः एक्सेलचा आहे. वर्ड पत्रांपुरतं. पॉवरपॉइंट मी उघडतच नाही, त्याबद्दल मला विचारू नका.

पहिल्या दिवशी जुनी फाईल उघडली तर काही फॉर्म्युल्यांच्या पोटात @ हे चिन्ह येऊन बसलेलं. मी घातलेलं नव्हतं. उत्तर सगळीकडे बरोबर होतं, पण दुसऱ्याने आपल्या वहीत पेन्सिलीने खुणा केल्यासारखं वाटत होतं. एक चिन्ह चिडून पुसलं, तर त्या सेलमध्ये #स्पिल! अशी चूक उभी. मग नीट वाचलं. जुनं एक्सेल एका सेलमध्ये एकच उत्तर धरायचं. फॉर्म्युल्यात मी अख्खा कॉलम दिला असला तरी त्याच ओळीतली किंमत गुपचूप उचलायचं. नवं एक्सेल अख्ख्या कॉलमचं उत्तर द्यायला बघतं आणि ते खालच्या सेलमध्ये पसरवतं. @ म्हणजे 'इथे जुन्या पद्धतीनेच, एकच किंमत घे' अशी खूण. मी ती पुसली, तर उत्तर शीटच्या तळाच्याही खाली जायला लागलं. म्हणजे आळसाने अख्खा कॉलम निवडून दिलेले माझे फॉर्म्युले दहा वर्षं केवळ एक्सेलच्या समजूतदारपणावर चालले होते.

हे पसरणं, म्हणजे स्पिल, अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले. एका सेलमध्ये फॉर्म्युला लिहायचा आणि उत्तराच्या पाच किंवा पाचशे ओळी आपोआप खाली उतरणार. फॉर्म्युला खाली ओढत नेणं संपलं. पण वाटेत एक जरी भरलेला सेल आला, तरी सगळं अडतं. आमच्या तक्त्यांत शोभेसाठी मर्ज केलेले, म्हणजे एकत्र जोडून मोठे केलेले, सेल जागोजाग, आणि मर्ज केलेल्या सेलवर स्पिल होत नाही. टेबल करून ठेवलेल्या भागातही होत नाही. पहिले पंधरा दिवस मी फक्त मर्ज काढत बसलो होतो. मुखपृष्ठासारखा सजवलेला भाग आता वेगळ्या शीटवर, हिशोब वेगळ्या शीटवर. हे खरं तर पूर्वीच करायला हवं होतं.

आता ज्यासाठी मी हे अपग्रेड दुसऱ्यांदाही करीन त्याबद्दल.

व्हीलुकअप, म्हणजे तक्त्यात एखादं नाव शोधून त्याच ओळीतली किंमत आणणारं फंक्शन, सगळ्यांनाच माहीत आहे. त्यात उत्तर कितव्या कॉलममधून आणायचं तो आकडा लिहावा लागतो. कोणी मध्ये एक कॉलम घातला की आकडा तोच राहतो आणि उत्तर शेजारचं येतं. दोन वर्षांपूर्वी एका शाखेने मालाच्या नावापुढे 'एकक' हा कॉलम वाढवला आणि माझ्या अहवालात दराच्या जागी नगांची संख्या गेली. आकडेच ते, दिसायला दोन्ही सारखे! ते वर गेल्यावर सापडलं. तेच काम करणाऱ्या नव्या एक्सलुकअपमध्ये कॉलमचा क्रमांकच नाही. शोधायचा कॉलम दाखवा, उत्तराचा कॉलम दाखवा, संपलं. उत्तर डावीकडे असलं तरी चालतं. शेवटचा पर्याय लिहायला विसरलो तर व्हीलुकअप जवळपासची किंमत उचलायचं; एक्सलुकअप न सांगताही तंतोतंत जुळणारीच शोधतं. आणि सापडलं नाही तर काय लिहायचं तेही तिथेच सांगता येतं, बाहेरून इफएररची टोपी घालावी लागत नाही.

त्याहून मोठी सोय त्याच्या कंसातल्या सहाव्या जागेत आहे. तिथे उणे एक लिहिलं की शोध खालून वर होतो. मला रोज लागणारा प्रश्न असा, की या मालाचा शेवटचा खरेदीदर काय? नोंदी तारखेने खाली वाढत जातात, म्हणजे शेवटचा दर सगळ्यांत खाली. पूर्वी यासाठी लुकअपमध्ये दोन शोधायचे आणि एकाला अटीने भागायचं, अशी एक युक्ती होती. चालायची, पण ती का चालते हे मी तीन जणांना समजावलं आणि तिघेही माझ्याकडे संशयाने बघत परत गेले. आता उणे एक. परवा नव्याने लागलेल्या मुलीला दाखवलं, तिने दहा मिनिटांत स्वतःच्या शीटमध्ये वापरलं.

इथे एक खरं सांगायला हवं. एक्सलुकअप, फिल्टर (अटीत बसणाऱ्या ओळीच काढणारं), युनिक, सॉर्ट ही फंक्शनं ऑफिस २०२१ मध्येच आली होती. मी २०१६ वरून थेट उडी मारली म्हणून मला सगळं एकदम नवं वाटलं. २०२४ ने खास वाढवलं ते मजकूर तोडणारी आणि तक्ते जोडणारी फंक्शनं. त्यातलं व्हीस्टॅक माझ्या महिनाअखेरीचा दिवस वाचवतं. बारा शाखांची बारा शीट एका फाईलमध्ये, त्यांच्या आधी 'आरंभ' आणि नंतर 'अखेर' अशा दोन कोऱ्या शीट. व्हीस्टॅकला सांगायचं, आरंभपासून अखेरपर्यंत जे काही मध्ये आहे त्याच्या दुसऱ्या ओळीपासून पाचशेव्या ओळीपर्यंतचं एकाखाली एक रच. तेरावी शाखा निघाली तर तिची शीट या दोघींच्या मध्ये सरकवायची, फॉर्म्युल्याला हात लावायचा नाही. रिकाम्या ओळी मात्र शून्य होऊन येतात, त्यामुळे वर फिल्टर लावून त्या गाळाव्या लागतात. फिल्टरला एकही ओळ सापडली नाही तर काय दाखवायचं ते तिसऱ्या जागेत लिहून ठेवा, नाहीतर #कॅल्क! बघून पोटात गोळा येतो. कॉपी-पेस्ट करत पूर्वी माझी अख्खी सकाळ जायची. आता शाखांची शीट आत घ्यायला जो वेळ लागेल तोच.

एक शाखा अजून जुन्या डॉट एक्सएलएस प्रकारात फाईल पाठवते, कारण त्यांचं नोंदीचं सॉफ्टवेअर तेच काढून देतं. ती शीट माझ्या फाईलमध्ये हलवता येते, पण उलट दिशेने, माझी शीट त्यांच्या फाईलमध्ये हलवायला गेलं की एक्सेल नकार देतं, तिकडे ओळी आणि कॉलम कमी आहेत म्हणून. बरोबरच आहे. जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळी मावतात, नव्यात १०,४८,५७६. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले होते, त्यामागे हीच जुनी मर्यादा होती. आमची शाखा इतक्या ओळींपर्यंत काही पोचणार नाही, पण तेव्हापासून मी डॉट एक्सएलएस आली की आधी नव्या प्रकारात सेव्ह करतो आणि मग उघडून बघतो.

आता त्रास. सगळा त्रास एकाच ठिकाणचा आहे: मी २०२४ वर आणि निम्म्या शाखा अजून २०१६ वर.

पहिल्याच महिन्यात मी नवा तक्ता मोठ्या ऐटीत सगळ्यांना पाठवला. एका शाखेतून फोन, "साहेब, आकडे दिसतायत, पण मी एक नग बदलला आणि सगळीकडे #नेम? आलं." असंच होतं. जुन्या एक्सेलला नवं फंक्शन कळत नाही. ते शेवटचं उत्तर नुसतं दाखवत राहतं आणि फॉर्म्युल्याच्या नावाआधी 'एक्सएलएफएन' असं काहीतरी चिकटवतं. जोवर हात लावत नाही तोवर सगळं सुरळीत दिसतं. हाच यातला धोका, कारण बघणाऱ्याला वाटतं फाईल चालतेय. चूक माझीच, पाठवण्याआधी एका जुन्या संगणकावर उघडून बघायला हवं होतं. आता शाखांना जाणाऱ्या प्रतीत फॉर्म्युले ठेवतच नाही, नुसत्या किंमती पेस्ट करतो. ज्यांना आकडे भरायचे आहेत त्यांच्या शीटमध्ये अजून व्हीलुकअपच आहे. म्हणजे मी दोन जमान्यांत राहतो, सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या.

दुसरा झटका फॉन्टचा. २००७ पासून कॅलिब्री होता, आता वर्डमध्ये ॲप्टॉस आणि एक्सेलमध्ये ॲप्टॉस नॅरो. दिसायला चांगला आहे, तक्रार नाही. पण मी एका पानात नेमकं बसवलेलं इंग्रजी पत्र जुन्या वर्डवर उघडलं गेलं, तिथे ॲप्टॉस नव्हता, दुसराच फॉन्ट लागला आणि सहीची ओळ एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन बसली. अख्ख्या पानावर फक्त 'आपला विश्वासू'. मराठी पत्रांत हे झालं नाही, कारण वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळा लक्षात ठेवतं. एक्सेलमध्ये कॉलमची रुंदी मुळात फॉन्टातल्या शून्याच्या रुंदीवर मोजली जाते, त्यामुळे नव्या फाईलमध्ये जुन्याच रुंदीचे आकडे टाकले तरी छापील पान वेगळं येतं. दोन्हीकडे डीफॉल्ट फॉन्ट परत कॅलिब्री केला. एक्सेलला ऑप्शन्समध्ये जनरलखाली तो बदलता येतो, बदलल्यावर एकदा बंद करून उघडावं लागतं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून कामं आपोआप करून घेणारे छोटे प्रोग्राम, वापरणाऱ्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. २०१६ टाकताना काही निवडलं नाही तर ३२ बिटचं बसायचं. २०१९ पासून ६४ बिटचं बसतं. मी 'पुढे, पुढे' करत गेलो आणि आमचा जुना मॅक्रो पहिल्याच ओळीला थांबला. विंडोजच्या फंक्शनांना हाक मारणाऱ्या डिक्लेअरच्या ओळींत पीटीआरसेफ हा शब्द हवा, असं म्हणाला. सहा ओळी होत्या, एका दुपारचं काम. शीटवरची ॲक्टिव्हएक्स या जुन्या तंत्राची बटणंही मेली, कारण २०२४ मध्ये ती मुळातच बंद असतात. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, आणि साधी फॉर्म कंट्रोलची बटणं लावल्यावर काम भागलं. मेलमधून आलेल्या फाईलचे मॅक्रो अडतात, त्यासाठी फाईल सेव्ह करून तिच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकवर टिक करावी लागते. पण ही टिक पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय करू नका.

बाकीचं भराभर. रिबनचे, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीचे, गोल कोपरे आणि नवा तोंडवळा तिसऱ्या दिवशी दिसेनासा होतो. वर्ड अचानक बंद पडलं तर उघडताना आधीच्या सगळ्या फायली परत उघडून देतं. वीज गेल्यावर हे दोनदा उपयोगी पडलं. पत्रकं बनवायचं पब्लिशर या पॅकमध्ये नाही, ज्यांच्याकडे त्यातली पत्रकं आहेत त्यांनी आधी पीडीएफ करून ठेवावीत. स्पिल झालेल्या तक्त्यावरचा आलेख आता तक्त्याबरोबर लांब-आखूड होतो, यावर मी लहान मुलासारखा खूष झालो होतो.

घ्यावं का, असं दोघातिघांनी विचारलं. २०२१ असेल आणि रोज तक्ते जोडायचं काम नसेल तर मी घाई करणार नाही. त्याचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तोवर विचार करता येईल. २०२४ चा आधार ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंतच. २०१६ ने दहा वर्षं काढली, याला पाच, हे खरेदी करताना हिशोबात धरा. २०१६ वर असाल आणि एक्सेल पोटापाण्याचं असेल तर घ्या, मात्र शेजारच्यांनाही घ्यायला लावा.

माझ्या टेबलाखाली अजून एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर ३२ बिटचं २०१६, नेट काढून टाकलेलं. एका पुरवठादाराचं अ‍ॅड-इन, म्हणजे एक्सेलला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, ६४ बिटवर चालत नाही, नवं देतो म्हणून त्याने जानेवारीत सांगितलंय. महिन्यातून एकदा तो लॅपटॉप काढतो, धूळ पुसतो, बारकोडची यादी काढतो आणि पेनड्राइव्हवर घेऊन वर येतो.