बंद घरावरचा सौर कॅमेरा: एका पावसाळ्यानंतरचे परीक्षण

गुहागर तालुक्यातले आमचे घर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असते. अशा घरावर लक्ष ठेवण्यासाठी सौर पॅनेलवर चालणारा आणि 4जी सिमकार्ड घालता येणारा कॅमेरा घ्यावा का, हा प्रश्न मुंबई-पुण्यात राहणाऱ्या अनेक चाकरमान्यांना सध्या पडलेला आहे. असा एक कॅमेरा आमच्या पडवीच्या खांबावर बसवून पूर्ण पावसाळा उलटला असल्यामुळे त्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण याच घडणीचे कॅमेरे बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि खाली लिहिलेले गुणदोष त्यांतल्या बहुतेकांना लागू पडतील.

प्रथम निवडीविषयी. विजेवर आणि घरच्या वाय-फायवर चालणारा कॅमेरा स्वस्त पडतो आणि त्याचे चित्रही अधिक सलग मिळते, परंतु वीज गेली की राउटर बंद पडतो आणि नेमक्या वादळवाऱ्याच्या वेळी घर दिसेनासे होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली, हे कोकणात कोणी विसरलेले नाही. म्हणून स्वतःची बॅटरी आणि स्वतःचे सिमकार्ड असलेला प्रकारच बंद घराला योग्य, असे माझे मत आहे. मात्र कॅमेरा घेण्याआधी नेमक्या त्या खांबापाशी उभे राहून कोणत्या कंपनीची रेंज येते ते फोनवर तपासून घ्यावे. जांभ्याच्या जाड भिंतीआड आणि डोंगराच्या कुशीतल्या वाडीत दहा पावलांवर रेंज बदलते.

पावसाच्या परीक्षेत कॅमेरा उत्तीर्ण झाला. खोक्यावर आयपी66 असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ धूळ आत शिरत नाही आणि जोरदार पाण्याचा मारा सोसला जातो, एवढाच. खारट हवेबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. आमच्या कॅमेऱ्यात पाणी शिरले नाही, पण सोबत आलेले स्क्रू आणि पॅनेलचा कोन धरणारी पट्टी यांना पावसाळा संपायच्या आतच गंज चढला. समुद्राजवळ घर असेल तर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आधीच आणून ठेवावेत. सौर पॅनेलची गोष्ट वेगळी आहे. उन्हाळ्यात बॅटरी रोज भरते, परंतु आषाढात ढग हटत नाहीत, त्यात पॅनेलवर फणसाच्या झाडाची सावली पडत असेल तर बॅटरी हळूहळू उतरत जाते. पॅनेलची तार पुरेशी लांब असल्यामुळे ते कॅमेऱ्यापासून दूर, पडवीच्या कौलांवर दक्षिणेकडे तोंड करून बसवता आले आणि मग अडचण राहिली नाही. ज्या कॅमेऱ्यात पॅनेल डोक्यावरच जोडलेले असते, तो कोकणासाठी घेऊ नये.

हालचाल ओळखण्याचे काम मध्यम प्रतीचे आहे. बॅटरीवरचे कॅमेरे सतत चित्रण करत नाहीत. शरीराची उष्णता आणि सभोवतालची उष्णता यांतील फरक टिपणारा संवेदक त्यांना जागे करतो. एप्रिलच्या भर दुपारी खळ्यातला, म्हणजे अंगणातला, चिरा तापलेला असतो, तेव्हा हा फरक उरत नाही आणि माणूस बराच पुढे आल्यावर कॅमेरा जागा होतो. हापूस उतरवण्याचे दिवस नेमके तेच असल्यामुळे बागेच्या राखणीसाठी त्यावर भिस्त ठेवता येणार नाही. अंधारात चित्र दिसण्यासाठी असलेल्या अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्यांकडे रात्री किडे येतात, किड्यांसाठी कोळी भिंगासमोर जाळे विणतो आणि ते जाळे चित्रात पांढऱ्या पडद्यासारखे दिसू लागते. महिन्यातून एकदा कोणीतरी फडक्याने पुसून देणारे माणूस गावात हवेच. वानरांच्या टोळीच्या सूचना मात्र मला उपयोगी वाटल्या, कारण कौले फुटल्याचे पूर्वी गळती लागल्यावर कळत असे, ते आता त्याच दिवशी कळते.

ज्या मुद्द्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले, तो मुद्दा कॅमेऱ्याच्या नजरेचा आहे. शहरातल्या सदनिकेचा कॅमेरा दारासमोरचा जिना पाहतो. कोकणातल्या वाडीत घराचे खळे ओलांडूनच पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, जाते, विहीर दोन-तीन घरांची सामाईक असते, आणि गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) शेजाऱ्यांचे मागील दार व न्हाणी असते. रुंद कोनाचा कॅमेरा खांबावर लावला की तो आपल्या कुलपाबरोबर पाण्याला येणाऱ्या बायका, कोण कोणाकडे किती वाजता गेले, म्हाताऱ्या माणसांचे ओट्यावरचे बसणे-उठणे, हे सगळे टिपतो. आणि ते सगळे तीनशे किलोमीटरवर बसलेल्या आपल्याला फोनवर दिसते. शेजारच्या काकू आमच्या घराची किल्ली वर्षानुवर्षे सांभाळतात. त्यांच्या येण्या-जाण्याची नोंद यंत्राने ठेवावी, ही गोष्ट मला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने म्हटले आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यातून मात्र व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेला विदेचा वापर वगळलेला आहे. म्हणजे या बाबतीत शेजाऱ्यांची बूज राखण्याचे काम सर्वस्वी कॅमेरा लावणाऱ्यावर येते.

या कसोटीवर हे उत्पादन अर्धवट उतरते. ॲपमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळ्या पट्टीने झाकण्याची सोय आहे, परंतु ती तीन पातळ्या खोल दडवलेली आहे आणि कॅमेऱ्याची मान फिरवली की पट्टी पडद्यावर होती तिथेच राहते, त्यामुळे झाकलेली विहीर पुन्हा उघडी पडते. शेवटी मी मान फिरवण्याची सोय बंद करून कॅमेरा खाली झुकवला आणि फक्त दार, ओटी व बेड्यापर्यंतची (कुंपणाच्या फाटकापर्यंतची) वाट दिसेल असा कायम केला. शेजाऱ्यांना फोनवरचे चित्र दाखवले आणि त्यांची हरकत नसल्याची खात्री झाल्यावरच तो चालू ठेवला. मायक्रोफोन तर पहिल्यापासून सुरूच असतो, याचा उल्लेख पुस्तिकेत कुठेही नाही. पाखाडीवर थांबून बोलणाऱ्यांचे शब्द माझ्या फोनपर्यंत येण्याचे काहीच कारण नाही. ध्वनिमुद्रण सुरुवातीला बंद असावे आणि हवे त्याने ते सुरू करावे, असा क्रम असायला हवा होता.

चित्रण साठवण्याचे दोन मार्ग आहेत: कॅमेऱ्यातले मेमरी कार्ड किंवा कंपनीच्या सर्व्हरवरचे मासिक वर्गणीचे साठवण. ॲप दुसऱ्या मार्गाची जाहिरात वारंवार पुढे करते. चोराने कॅमेराच उचलून नेला तर कार्डही जाते, हा कंपनीचा युक्तिवाद खरा आहे. तरीही घराचे चित्रण परक्याच्या ताब्यात देण्यापेक्षा तो धोका मला पत्करण्याजोगा वाटतो, विशेषतः सूचनेबरोबर येणारे छायाचित्र फोनमध्ये राहत असल्यामुळे. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातले मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. या कॅमेऱ्यात पहिल्या वापराच्या वेळी नवा पासवर्ड ठेवावाच लागतो आणि दुहेरी पडताळणीही आहे, ही जमेची बाजू. एप्रिल 2025 पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत, तेव्हा दुकानदाराकडे पडून असलेला जुना माल थोड्या सवलतीसाठी घेऊ नये.

घरातल्या इतरांना पाहण्याची परवानगी देण्याची सोय चांगली आहे. प्रत्येकाला फक्त थेट चित्र दाखवायचे की जुने चित्रणही, हे वेगळे ठरवता येते. चुलतभावंडांपैकी सर्वांनीच ती मागितली, तेव्हा थेट चित्र सर्वांना आणि जुने चित्रण फक्त थोरल्या काकांना, अशी व्यवस्था केली. गणपतीत आणि शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा मात्र घर माणसांनी भरलेले असते, सुना-मुली खळ्यात वावरत असतात, आणि त्या काळात कॅमेरा बंदच असला पाहिजे. ॲपमधून तो निद्रावस्थेत जातो, पण भिंग उघडेच असल्यामुळे खाली वावरणाऱ्या माणसाला तो खरोखर बंद आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. भिंगावर सरकवता येणारे साधे झाकण उत्पादकाने पुढच्या आवृत्तीत द्यावे. तोपर्यंत आम्ही त्यावर कापडी पिशवी बांधतो.