विहिरीच्या पाण्यातलं तणनाशक आणि यूव्हीचं यंत्र

आमच्या विहिरीला लागून मक्याचं शेत आहे. पाणी तपासलं तर अ‍ॅट्राझिन हे तणनाशक निघालं, म्हणून हे यंत्र घेतलं. स्टीलच्या नळकांड्यात यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा, भोवती टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेली जाळी, शेवटी कार्बन फिल्टर.

खोक्यावर ‘९९.९ टक्के’ ठळक छापलंय. बारीक अक्षरं वाचा, तो आकडा जंतूंचा आहे! जंतूंसाठी २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलीज्यूल डोस (म्हणजे पाण्याला मिळणारी प्रकाशाची ऊर्जा) साधारण पुरतो. तणनाशकं-कीटकनाशकांचे रेणू तोडायला तेवढ्यात भागत नाही. नेदरलँड्समधल्या आंडाइकच्या जलशुद्धीकरण केंद्रात २००४ मध्ये याच कामासाठी यूव्ही बसवली, तेव्हा डोस ५४० मिलीज्यूलच्या आसपास धरला होता आणि शिवाय लिटरमागे ६ मिलीग्रॅम हायड्रोजन पेरॉक्साइड. या यंत्राचा डोस किती, हे माहितीपत्रकात कुठेच नाही. विक्रेत्याला विचारलं, तर त्याने दिव्याचे वॅट सांगितले.

तरी यंत्र अगदीच टाकाऊ नाही. प्रकाश पडला की जाळीवर हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार आक्रमक, क्षणभर टिकणारे कण तयार होतात आणि समोर येईल त्याच्यावर तुटून पडतात. पण आमचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, त्यातलं बायकार्बोनेटच निम्मीशिम्मी ताकद खाऊन टाकत असणार. नळ पूर्ण सोडला तर पाणी दिव्यासमोरून नुसतं पळतं. धार बारीक ठेवा.

मी कार्बनच्या आधीच्या तोटीतून नमुना घेतला (तपकिरी काचेच्या बाटलीत, प्रयोगशाळेची तशी सूचना होती). अ‍ॅट्राझिन बरंच कमी झालं होतं, पण अहवालात डिसइथाइल-अ‍ॅट्राझिन नावाची नवी ओळ आली. म्हणजे रेणूची एक फांदी छाटली गेली, खोड शाबूत. टायटॅनियमच्या प्रक्रियेत अ‍ॅट्राझिनचं कडं (रेणूच्या मधलं अणूंचं वलय, तेच खोड) मोडतच नाही, फार तर सगळ्या फांद्या छाटून उरणाऱ्या सायन्यूरिक अ‍ॅसिडपर्यंत गाडी जाते. ते त्यामानाने निरुपद्रवी असतं, पण तिथवर पोचायला वेळ लागतो. अशा अर्धवट तुकड्यांसाठीच मागे कार्बन हवा. कार्बननंतरच्या नमुन्यात दोन्ही सापडले नाहीत.

देखभाल कटकटीची आहे. दिव्यावरच्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षारांचं पांढरं पुट चढतं आणि प्रकाश तिथेच अडतो. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने पुसलं की निघतं, पण लोखंडामुळे आलेला पिवळा डाग चिवट. दिवा जुना झाला तरी निळा दिसतच राहतो, म्हणून दिसण्यावर जाऊ नका. साधारण ९००० तासांनी बदला. झाकण उघडलं की दिवा आपोआप बंद होतो, ही सोय मात्र मनापासून आवडली. हा प्रकाश डोळ्यांना घातक असतो.

नुसत्या अ‍ॅट्राझिनसाठी विचाराल तर मी आधी चांगला कार्बन फिल्टर घ्यायला सांगेन, तो वेळेवर बदलणार असाल तर. जंतूंचाही त्रास असेल तर हे यंत्र घ्या, पण पाण्यातला जडपणा काढून मगच ते यंत्रात सोडा. पाचपैकी तीन तारे. डोसचा आकडा छापला असता तर चार दिले असते.