हिमालयन ४११ ला घाटात ओढ कमी पडते: सायलेन्सर, ट्यूनर, स्प्रॉकेट की सरळ ४५०?

परतवाड्याचा आमचा एक मित्र दर उन्हाळ्यात तोच प्रश्न घेऊन येतो. "भाऊ, गाडी काऊन ओढत नाही? काय टाकू?" गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, मागे वहिनी, दोन्ही बाजूंना बॅगा, आणि रस्ता धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याचा. सायलेन्सर त्यानं मनात कधीच ठरवलेला असतो, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो.

आधी ताकद जाते कुठे ते पाहू. कागदावर या इंजिनाची ताकद २४.३ बीएचपी, टॉर्क ३२ एनएम. पण मे महिन्यात पायथ्याशी ४५ अंश असतात, आणि १५ अंशांच्या हवेपेक्षा ही हवा साधारण नऊ-दहा टक्के विरळ असते. चिखलदरा १,१०० मीटरच्या वर. वर गेल्यावर गारवा मिळतो, पण उंचीमुळे पुन्हा दहाएक टक्के जातात. इंजेक्शनवाली गाडी हवेच्या हिशेबानं पेट्रोल कमी करते, हवा काही आणून देत नाही.

आता सायलेन्सर. नुसता मागचा डबा बदलला, म्हणजे ज्याला स्लिप-ऑन म्हणतात तो लावला, तर एखादा बीएचपी मिळतो, तोही वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना. घाटात आपण असतो तीन-चार हजारावर. मीही एकदा लावला होता. अर्ध्या तासाचं काम, दोन-तीन किलो वजन कमी, आवाज एकदम भरदार. पहिल्या दिवशी तर गाडी पळतेय असंच वाटलं. मग नेहमीच्या वळणाशी आलो, जिथं तिसरा गिअर दम सोडतो, तिथंच त्यानं दम सोडला. वाढला होता तो आवाज, आणि कानाला तोच वेग वाटत होता. त्यात तो मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प, लग्नाची वरात नव्हे.

कायद्याची बाजू मित्राला आवडत नाही, तरी सांगतो. १७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या रचनेत मनमानी बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ट्यूनर, म्हणजे पेट्रोल-स्पार्कचं गणित बदलणारा जोड, आणि बोअर किट, म्हणजे सिलिंडर मोठं करणारा संच, लावणाऱ्यांनीही हे वाचावं.

सायलेन्सरसोबत मोकळा एअर फिल्टर आणि ट्यूनर असा पूर्ण संच घेतला तर फरक खरोखर जाणवतो. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक याच कामासाठी आहे, ते पेट्रोल आणि स्पार्कचं गणित बदलतं. ट्यूनरशिवाय पाइप आणि फिल्टर लावणं मात्र अंगाशी येतं. सपाट रस्त्यावर, हलक्या थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सर हवा-पेट्रोलचं मिश्रण सांभाळून घेतो. घाटात थ्रॉटल पूर्ण पिळला की इंजिन साठवलेल्या जुन्या नकाशावर, म्हणजे पेट्रोलच्या ठरलेल्या तक्त्यावर चालतं. हवा जास्त, पेट्रोल जुन्याच हिशेबाचं, म्हणजे मिश्रण पातळ आणि हेड तापतं. आपल्या उन्हात हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हे नको. २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिश्रण आणखी पातळ करतं, ते वेगळंच.

फिल्टरबद्दल माझं मत पक्कं आहे: उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर आपल्याकडे लावूच नये. जिनिंगच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या त्याच मित्राच्या गाडीचा साधा फिल्टर मी काढला, तर पेपरच्या घड्यांत कापसाचं तंतू तंतू अस्तर बसलेलं, वर काळ्या मातीची पूड. नवा टाकला आणि त्याची निम्मी तक्रार तिथंच गेली. क्लचचा प्ले म्हणजे दांड्याची मोकळी हालचाल, टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट, टायरची हवा आणि अडकणारा मागचा ब्रेकही आधी तपासा. पैसे त्यानंतर काढा.

मग स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारी दातेरी चकती. पुढचं १५ दातांचं काढून १४ चं बसवलं की मागच्या चाकाला प्रत्येक गिअरमध्ये सात टक्के जास्त ओढ मिळते, आणि तीही खालच्या आरपीएमला, जिथं हवी तिथंच. खर्च सायलेन्सरच्या तुलनेत किरकोळ. चेनचा ताण पुन्हा लावून घ्यायचा. बदल्यात त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरतं, म्हणजे नागपूर हायवेवर ९० च्या पुढे थरथर वाढते आणि मायलेज थोडं घटतं. महिन्यातून दोनदा हैदराबादकडे पळणाऱ्यानं हे करू नये. धारणी, सेमाडोह, चिखलदरा करणाऱ्यानं डोळे मिटून करावं.

बोअर वाढवायचा विचार ४११ वाल्यांनी सोडून द्यावा. इंटरसेप्टर ६५० ला ८६५ सीसीचं किट मिळतं, पण त्यात पिस्टन-सिलिंडरसोबत ट्यूनिंगही आलं, आणि तालुक्याच्या गावात ते काम निभावेल असा हात सापडला पाहिजे.

राहिली नवी हिमालयन ४५०. २०२३ च्या शेवटी आलेलं हे इंजिन पाण्यावर थंड होतं, ४० पीएस, म्हणजे साधारण ३९.५ बीएचपी देतं, टॉर्क ४० एनएम. ४११ वर कितीही टाका, तिथपर्यंत पोचत नाही. संच लावायला निघालेल्या माणसानं ते पैसे आणि जुन्या गाडीची किंमत एकदा एकत्र मोजावी. फक्त ४५० ची ओढ वरच्या आरपीएमला खुलते, तेव्हा दोघं बसून, बॅगा लादून घाटात ट्रायल घ्या, शोरूमसमोरच्या रस्त्यावर नको.

मित्रानं शेवटी १४ दातांचं बसवलं. रविवारी वरून फोन आला, "थर्डातच चढली नं भाऊ!" मग जरा थांबून, "पण आवाज काही म्हणावा तसा नाही."