व्हीलचेअर बास्केटबॉल की बसून गोळाफेक: करिअर कशात करावं?

मणक्याच्या इजेनंतर व्हीलचेअरवर आलेली विशी-पंचविशीतली मुलं हल्ली हा प्रश्न बरेचदा विचारतात. दोन्ही खेळ मी मनापासून खेळलो आहे. गोळाफेक आधी, बास्केटबॉल नंतर, आणि राहिलो बास्केटबॉलमध्येच. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपवत नाही. पण प्रश्न पोटापाण्याचाही आहे, म्हणून गोळाफेकीचं पारडं जिथे जड आहे तिथे ते जडच दाखवतो.

पैसा आणि मान्यता या बाबतीत गोळाफेक सरळ पुढे आहे. पॅरालिम्पिक पदकाला केंद्र सरकारकडून सुवर्णासाठी ७५ लाख, रौप्यासाठी ५० लाख आणि कांस्यासाठी ३० लाख रुपये मिळतात, आणि तिथवर जाणारी वाट आपल्या माणसांनी चालून दाखवली आहे. दीपा मलिक यांनी २०१६ साली रिओत एफ-५३ या बसून फेकणाऱ्यांच्या गटात ४.६१ मीटर गोळा टाकून रौप्य मिळवलं, तेव्हा त्या ४५ वर्षांच्या होत्या. पॅरिसला २०२४ मध्ये होकातो सेमा यांनी एफ-५७ मध्ये कांस्य आणलं. सांगली जिल्ह्यातले सचिन खिलारी उभं राहून फेकतात, त्यांचा गट वेगळा. पण पॅरिसमधल्या त्यांच्या रौप्यानंतर माझ्या ओळखीतल्या दोन-तीन घरांत अपंग मुलाला मैदानावर पाठवायला आईवडील तयार झाले, हे मी पाहिलं आहे.

बास्केटबॉलचं तसं नाही. १९६०च्या रोमपासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे, पण भारताचा संघ तिथे अजून पोहोचलेला नाही. पॅरिसला पुरुषांचे आठ आणि महिलांचे आठच संघ होते. आशियातून त्यांत घुसायचं म्हणजे जपान, इराण, चीन यांना ओलांडायचं. आपला राष्ट्रीय महासंघ २०१४ साली पॅरा जलतरणपटू माधवी लता यांच्या पुढाकाराने चेन्नईत उभा राहिला, म्हणजे तसा तरुणच. खेलो इंडिया पॅरा गेम्स २०२३ आणि २०२५ मध्ये झाले, त्यांत बास्केटबॉल नव्हता. राज्याच्या नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणावर डोळा असेल, तर कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र धरतात हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्या. खेळ निवडून झाल्यावर विचारू नका.

एवढं वाचून कुणी गोळाफेकीकडे वळला तर मी अडवणार नाही. पण मला त्यातून बाहेर काढलं ते एका गोष्टीने, आणि माहितीपत्रकात तिचा उल्लेख नसतो: बांधणी.

बसून फेकणाऱ्याची खुर्ची म्हणजे बिनचाकांचा लोखंडी सांगाडा. गादीसकट उंची ७५ सेंटिमीटरच्या आत, हाताशी धरायला एक उभा पाइप. आधी हा सांगाडा पट्ट्यांनी जमिनीला ताणून बांधतात, मग सांगाड्याला तुम्हाला. एक पट्टा मांड्यांवरून, एक गुडघ्यांपाशी, एक पावलांना. फेकताना बूड आसनावरून सुटलं की फाऊल, म्हणून पट्टा सैल ठेवून चालत नाही. स्पर्धेत हे करायला माणसं असतात. रोजच्या सरावाला कोण?

आमच्या मैदानावर पट्टे अडकवायला जमिनीत कड्या नव्हत्या, खुंट्या ठोकायला लागायच्या. माती भुसभुशीत असली की दोन-तीन फेकींतच मागची खुंटी हलायची, पट्टा ढिला पडायचा, सांगाडा एका अंगाला झुकायचा. मी वर बांधलेला. हाक मारायची, कुणीतरी हातोडी घेऊन यायचं, पुन्हा सगळं ताणायचं. गोळा उचलून आणून द्यायलाही माणूस हवाच. सोबत येणाऱ्या भावाला कामावरची पाळी बदलून मिळाली नाही की त्या दिवशी सराव बुडाला. शिवाय कमरेखाली संवेदना नसली की पट्टा काचतोय हे कळत नाही. घरी कपडे बदलताना मांडीवर लाल वळ दिसायचा. असा वळ फुटला तर जखम भरेपर्यंत बसणंच बंद, म्हणजे खेळही बंद आणि कामही.

बसून फेकणाऱ्याच्या सगळ्या फेकी सलग उरकतात. वाट बघण्यात सकाळ जाते आणि काही मिनिटांत स्पर्धा संपते. ज्यांचा स्वभाव एकाग्र आहे आणि घरचं माणूस रोज सोबत येऊ शकतं, त्यांना यात काहीच खटकणार नाही कदाचित. मला अपघातानंतर आणखी कुणावर अवलंबून राहायचं नव्हतं.

पट्टे बास्केटबॉलच्या खुर्चीलाही असतात. पण ते मीच आवळतो, मीच सोडतो. नि मुख्य म्हणजे खुर्ची पळते. चाकांना दोन ढकला मारायच्या, चेंडूला टप्पा द्यायचा. हातात चेंडू असताना तिसरी ढकल मारली की ट्रॅव्हल, म्हणजे नियमभंग. बास्केट उभ्याने खेळणाऱ्यांचीच, ३.०५ मीटरवर. कुणी नाही आलं तरी एक रिंग आणि एक चेंडू असला की तासभर एकट्याने सराव होतो.

दुसरी जमेची बाजू गुणांची. प्रत्येक खेळाडूला १.० ते ४.५ असे गुण दिलेले असतात, अपंगत्व जास्त तितके गुण कमी, आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे ज्याचं अपंगत्व जास्त, ज्याला धडावर ताबा कमी, तो संघाला हवाच असतो. मी स्वतः अडीच गुणांचा. आमच्यातला १.० गुणवाला शांतपणे जाऊन समोरच्या साडेचार गुणवाल्याच्या चाकापुढे आपलं चाक आडवं लावतो. तेवढ्या दोन सेकंदांत आमचा शूटर मोकळा होतो. गुणफलकावर त्याच्या नावापुढे काही चढत नाही, पण तो बाहेर बसला की आमच्या बास्केट आटतात. कमी गुणाच्या खेळाडूला इतकं महत्त्व देणारा दुसरा खेळ निदान मला तरी माहीत नाही.

अपंगत्व अगदी सौम्य असेल तर मात्र सावध राहा. २०२० मध्ये पात्रतेची फेरतपासणी झाली तेव्हा ब्रिटनचे जॉर्ज बेट्स आणि कॅनडाचे डेव्हिड एंग यांच्यासारखे मुरलेले खेळाडूही अपात्र ठरले होते.

गैरसोयी इथेही आहेत. मापाने बनवलेली परदेशी खुर्ची लाखांच्या घरात जाते. चाकं खाली फाकलेली असल्यामुळे ती घराच्या दारातून सरळ आत येत नाही. चाकं काढून सांगाडा आणि चाकं वेगवेगळी न्यावी लागतात. लाकडी कोर्टवाले ओरखड्यांच्या भीतीने नाही म्हणतात. बोटं दोन चाकांमध्ये सापडतात, अंगठ्याची साल निघते. खांदे दोन्ही खेळांत झिजतात. बास्केटबॉलमध्ये थोडे लवकर, असा माझा अंदाज. तरी कॅनडाचे पॅट्रिक अँडरसन पॅरिसला ४५व्या वर्षी खेळले, हेही लक्षात ठेवा.

कमाईचं दार इथे बाहेर उघडतं. जर्मनी, स्पेन, इटली, तुर्कस्तानात व्यावसायिक लीग आहेत. अँडरसन स्वतः जर्मनीतल्या लान-डिल क्लबकडून खेळले. अमेरिकेत इलिनॉयसारख्या विद्यापीठांचे संघ आहेत. आपल्याकडून तिथवरची वाट लांब आहे, आज तिच्या भरवशावर नोकरी सोडू नये. मीही सोडलेली नाही.

तेव्हा हातात लवकर प्रमाणपत्र हवं असेल, घरचं माणूस मोकळं असेल आणि जवळच्या मैदानावर पट्टे अडकवायला कड्या असतील, तर गोळाफेक घ्या. यातलं एक जरी नसेल, तर माझं मत बास्केटबॉलला. पुण्याजवळ असाल तर खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमधले जवान हा खेळ कसा खेळतात ते परवानगी काढून बघून या. पहिल्या सरावाला स्वतःची खुर्ची घेऊ नका, संघाची मागा. तुमचे गुण ठरेपर्यंत आसन किती उंच चालेल हे कळत नाही: ३.० पर्यंतच्या खेळाडूंना ६३ सेंटिमीटर, त्यावरच्यांना ५८. आधीच घेतलेली खुर्ची मग विकायची वेळ येते.