डायनासोर सुटे भाग जोडून विणावा की एकसंध?

क्रोशाचा डायनासोर विणायचं ठरलं की लोकरीचा रंग आणि डोळ्यांचा आकार निवडण्यात बराच वेळ जातो. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी. पाय, मान, शेपूट, डोकं वेगवेगळं विणून शेवटी शिवायचं, की पायांपासून सुरुवात करून सगळा प्राणी एकाच अंगात वर चढवत न्यायचा? हल्ली विकत मिळणाऱ्या बऱ्याच नमुन्यांवर ‘शिवण नाही’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि नवीन विणणाऱ्या साहजिकच तिकडे वळतात. मी दोन्ही तऱ्हांनी विणलं आहे, अजूनही विणते. मुका खांब (क्रोशाचा सर्वांत साधा आखूड टाका), मॅजिक रिंग (सुरुवातीची आवळता येणारी कडी) आणि टाके वाढवणं-घटवणं हातात बसलेल्या कुणालाही दोन्ही जमतील, त्यामुळे सोपं कोणतं हा प्रश्न मी बाजूला ठेवते. प्राणी कोणता आहे आणि कोणती कटकट आपल्याला सोसते, यावर निवड ठरते.

एकसंध विणण्याचं पहिलं सुख म्हणजे शेवटची सुई ओढली की खेळणं तयार असतं. सुटे भाग विणणाऱ्यांच्या पिशवीत चार पाय, एक धड आणि अर्धी शेपूट महिनोन्‌महिने पडून असते, कारण विणायला हात शिवशिवतात तसे शिवायला शिवशिवत नाहीत. दुसरं सुख लांब मानेचं. ब्रॅकिओसॉरससारख्या प्राण्याची मान वेगळी विणून धडाला शिवली, तर ती शिवणीपाशीच मोडते आणि डोकं हळूहळू छातीवर येतं. धडाच्या टाक्यांतूनच मान वर काढली, दर चार-पाच फेऱ्यांनी घट्ट भरत गेलं, तर ती ताठ राहते. लहान मुलाच्या खेळण्यात तार घालायची नसते, म्हणून हा फायदा मोठा आहे. मान शिवायचीच असेल तर मानेचा बुंधा डोक्याहून चांगला रुंद ठेवावा आणि शिवण पूर्ण होण्याआधी त्या खाचेत जास्तीचं फायबर कोंबावं. त्यानेही भागतं, पण एकसंध मानेची ऐट येत नाही, हे मान्य करायला हवं.

समुद्रातल्या प्राण्यांना तर मी डोळे मिटून एकसंधच म्हणेन. प्लेसिओसॉर, इक्थिओसॉर, मोसासॉर हे डायनासोर नव्हेत, पण विणणाऱ्यांच्या यादीत ते असतातच आणि असावेत. त्यांना उभं राहायचं नसतं. पोट टेबलावर टेकलं की झालं. प्लेसिओसॉरची चार वल्ही चपटी विणायची, फेरीत ती येतील तिथे वल्ह्याचे दोन्ही पदर आणि धडाचा टाका एकत्र घेऊन मुके खांब घालायचे. इक्थिओसॉरच्या शेपटीची पाती उभी ठेवायची, डॉल्फिनसारखी आडवी नाही. बाकी चुकण्यासारखं फारसं काही नाही. पहिलंच खेळणं विणणाऱ्या मैत्रिणीला मी टी. रेक्सऐवजी प्लेसिओसॉर सुचवते.

जमिनीवरच्या प्राण्यांशी मात्र गाठ पडली की एकसंध पद्धतीची ती एक गोष्ट पुढे येते, जिने माझा कौल फिरवला. मुके खांब सलग गोल फेऱ्यांत विणत गेलं की टाके एकावर एक सरळ बसत नाहीत. उजव्या हाताने विणणारीचा प्रत्येक टाका खालच्या टाक्यापेक्षा जरासा उजवीकडे बसतो, डावखुरीचा डावीकडे. एका फेरीत ते दिसत नाही. वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की धड हलकेच पिळलेल्या पंचासारखं फिरलेलं असतं. चेंडू किंवा सफरचंद विणत असाल तर याने काही बिघडत नाही. पण पायांपासून वर चढत गेलेल्या डायनासोरला पुढची बाजू असते, पाठ असते, आणि ती दोन्ही पायांच्या हिशेबात यायला हवीत.

नमुन्यात लिहिलेलं असतं: अमुक फेरीत सातव्या टाक्यापासून हात जोडा. आपण टाके मोजून अगदी बरोबर तिथे हात जोडतो आणि हात बरगडीवर येतो. मान पुढच्या दोन पायांच्या मधोमध यायच्या ऐवजी उजव्या पायावर झुकते. मी विणलेला एकसंध टी. रेक्स हातात घेऊन भाची म्हणाली होती, “मावशी, हा चालतोय तिकडे आणि बघतोय इकडे.” टाके सगळे बरोबर होते, संख्याही बरोबर होती. फक्त पायांची बोटं एका दिशेला आणि नाक दुसऱ्या दिशेला.

यावर उपाय आहेत आणि चांगल्या नमुन्यांत ते दिलेलेही असतात. दर काही फेऱ्यांनी एखादा जादा मुका खांब घालून फेरीची सुरुवात दाखवणारा मार्कर पुढे सरकवायचा. किंवा धागा सुईवरून न घेता सुईखालून ओढायचा. त्याने टाका फुलीसारखा दिसतो, घट्ट बसतो आणि कमी सरकतो. मी हल्ली जवळपास सगळंच असं विणते आणि फरक पडतो. पण किती सरकतं हे हातावर असतं. माझी बहीण सैल विणते, मी आवळून, आणि एकाच नमुन्यात आमच्या दोघींची नाकं दोन वेगळ्या दिशांना जातात. नमुना लिहिणारीने सुधारणेचा टाका तिच्या हाताच्या अंदाजाने घातलेला असतो. म्हणजे माझ्या डायनासोरचा हात कुठे यावा हे न पाहिलेल्या कुणाचा तरी हात ठरवतो. हे मला सोसत नाही. तुमचा टाका नमुना लिहिणारीच्या टाक्याशी जुळत असेल तर ही अडचण तुम्हाला जाणवणारही नाही, आणि मग माझा पुढचा सगळा युक्तिवाद थोडा हलका होतो.

रंग बदलायचा असेल तर हीच गोष्ट आणखी ठळक होते. हिरवं अंग आणि पिवळसर पोट एकाच फेरीत दोन रंगांनी विणलं की पोटाची कड तिरकी चढत जाते आणि गळ्यापाशी पट्टा खांद्यावर पोचतो. मिल्क कॉटनसारख्या गुळगुळीत दोऱ्यात टाके स्वच्छ उठून दिसतात, त्यामुळे तिरकेपणाही स्वच्छ दिसतो. जाड लोकरीत तो बराचसा झाकला जातो, असा माझा अनुभव. पोटाचा पट्टा सरळ जाण्या-येण्याच्या ओळींत वेगळा विणून वरून शिवला की प्रश्नच मिटतो, पण मग ‘शिवण नाही’ हे म्हणणं तिथेच संपतं.

सुट्या भागांचा त्रास सगळ्यांना ठाऊक आहे. शिवायला कंटाळा येतो आणि पाय समपातळीत येत नाहीत. दुसऱ्या त्रासावर मी बरीच डोकेफोड केली आहे. पायाचा वरचा चतुर्थांश भाग न भरता सोडायचा. तळव्याची चकती झाल्यावर एक फेरी टाक्याच्या दोन कड्यांपैकी फक्त मागच्या कडीतून विणायची, म्हणजे तळव्याला कड येते आणि तो सपाट टेकतो. चारही पाय आधी टाचण्यांनी लावायचे, प्राणी टेबलावर उभा करायचा, समोरून, मागून आणि वरून बघायचा. शिवताना पुढचे दोन आणि मग मागचे दोन असं न करता समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय आधी घ्यायचे. उरलेले दोन टाचण्यांवर असतानाच डुगडुग कळते आणि पाय अर्धा टाका वरखाली करता येतो. सगळी मेहनत या अर्ध्या टाक्यासाठी आहे. एकसंध प्राण्याला विणून झाल्यावर अर्धा टाका सरकवता येत नाही. डोळ्यांनी बघून जागा ठरवायची मुभा मला इतकी मोलाची वाटते की तिच्यासाठी एक संध्याकाळ शिवण्यात गेली तरी चालते.

दोन पायांवरच्या प्राण्यांत हा फरक उभ्या राहण्याच्या ढबीतही दिसतो. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमधला टी. रेक्सचा सांगाडा १९१५ साली शेपूट जमिनीला टेकवून ताठ उभा केला होता. १९९०च्या दशकात तो सोडवून पाठ आडवी, शेपूट हवेत अशा ठेवणीत पुन्हा उभारला, कारण हा प्राणी शेपटीने तोल सांभाळत चालत होता हे तोवर मान्य झालं होतं. पायांपासून वर विणत गेलेला एकसंध टी. रेक्स बहुतेक वेळा जुन्या ठेवणीतच येतो. धड उभं, शेपूट तिसऱ्या पायासारखी खाली. तो छान उभा राहतो, यात शंका नाही. पण नवी ठेवण हवी असेल तर सुटे भागच सोयीचे. भरलेलं धड डोकं आणि शेपटीसकट दोन बोटांवर आडवं तोलून धरायचं. जिथे तोल साधतो तिथे टाचणी खुपसायची आणि पाय त्याच रेषेत लावायचे. डोक्यात भरण जरा हलकं, शेपटीच्या बुंध्यात दाबून, आणि पावलं सवयीपेक्षा लांब ठेवायची. नाहीतर नाकावर पडतो. हात दोन बोटांचे, एवढे इवले की विणून झाल्यावर हरवू नयेत म्हणून मी लगेच टाचून ठेवते.

स्टेगोसॉरस कुठल्याही पद्धतीने विणला तरी शिवणीतून सुटका नाही. पाठीवरचे तक्ते दोन रांगांत एकाआड एक असतात, समोरासमोर जोडीने नाही, आणि ते साधारण सतरा ते बावीस. शेपटीच्या टोकाला चार काटे. एवढं सगळं शिवायचंच आहे तर पाय शिवून घेतल्याने फार काही वाढत नाही. शिवाय पिळलेल्या धडावर टाके मोजून तक्ते लावले तर रांग कुशीवर उतरते. ट्रायसेराटॉप्सच्या बाबतीत मात्र एकसंध पद्धतीची एक युक्ती मला आवडते. मानेपाशी एक फेरी मागच्या कडीतून विणून पुढच्या कड्या मोकळ्या सोडायच्या आणि नंतर त्या उचलून झालर विणायची. शिवलेल्या झालरीपेक्षा ती मजबूत बसते. सुट्या भागांच्या प्राण्यातही ती वापरता येते, मी वापरते. टेरोसॉरच्या पंखांचे पडदे आणि अंकिलोसॉरसच्या पाठीवरचे गोळे दोन्हीकडे सारखंच काम मागतात.

टिकाऊपणात एकसंध प्राणी पुढे, हे सांगितलंच पाहिजे. जे मूल खेळणं एका पायाला धरून घरभर ओढतं त्याच्यासाठी शिवण ही कच्ची जागा असते. माझी खबरदारी अशी की प्रत्येक भागाला शेवटी हातभर दोरा सोडते, शिवणीची फेरी दोनदा फिरवते आणि टोक धडातून आरपार दोन-तीन वेळा नेऊन मग कापते. अशी शिवलेली शेपूट ओढाताणीत सुटलेली मी अजून पाहिलेली नाही. पण वर्षा-दोन वर्षांच्या बाळाला खेळणं द्यायचं असेल आणि शिवण्याचा हात बसलेला नसेल, तर एकसंधच बरा. डोळे मग दोऱ्यानेच भरावेत. प्लास्टिकचे डोळे तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात नकोत.

माझं पारडं पूर्ण झुकलं ते आपल्याकडचे प्राणी विणायला लागल्यावर. टी. रेक्स आणि ट्रायसेराटॉप्सचे नमुने ढिगाने मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला ज्याची हाडं मिळाली त्या इसिसॉरसचा नमुना मला कुठे मिळाला नाही. १९९७ मध्ये त्याचं वर्णन टायटनोसॉरस म्हणून प्रसिद्ध झालं आणि २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे नाव मिळालं. त्याच वर्षी गुजरातच्या रैयोली भागातला, कपाळावर बुटकं शिंग असलेला राजासॉरसही जाहीर झाला. गोदावरी खोऱ्यातल्या बारापासॉरसचा सांगाडा तर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आपल्या मुलांच्या हातात हे प्राणी यावेत असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी दुसऱ्याच प्राण्याचा नमुना बदलून घ्यावा लागतो. एकसंध नमुन्यात एका पायाची उंची बदलली की पायांना जोडणाऱ्या पोटाच्या साखळ्या, मानेची जागा, सुधारणेचे टाके, सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. सुट्या भागांच्या नमुन्यात फक्त तो पाय बदलतो.

इसिसॉरस करून बघायचा असेल तर सुट्या भागांचा कोणताही ब्रॅकिओसॉरस घ्या. या प्राण्याची मान त्याच्या भाईबंदांच्या मानाने आखूड आणि वर उचललेली, पुढचे पाय लांब. मागचे पाय दहा फेऱ्यांचे असतील तर पुढचे तेरा-चौदा करा, मान निम्म्यावर आणा पण बुंधा तेवढाच रुंद ठेवा. पाठ मागे उतरती येते, त्यामुळे मागचे पाय शिवताना धडाच्या थोडे वरच्या बाजूला घ्यावे लागतात. ते किती वर, हे टाचण्या लावून टेबलावर उभा केल्यावरच कळेल.